तोरणमाळच्या घाटासाठी टर्बो की हेडकाम?

शहाद्याहून एका तरुणाने विचारलं आहे: "२०१२ ची एमपीएफआय जिप्सी आहे, १२९८ सीसी. टायर मोठे टाकलेत, २०५/७० काढून २३५/७५, रिम पंधराचीच. तोरणमाळच्या घाटात चार माणसं बसली की तिसऱ्यात दम सोडते, दुसऱ्यात टाकली की नुसती ओरडते. उन्हाळ्यात तर बघायलाच नको. धुळ्याचे एक मिस्त्री म्हणतात हेड पोर्ट करू, कॅम आणि हेडर टाकू. सुरतचा एक जण म्हणतो टर्बो किट बसवून देतो. दीड लाखापर्यंत तयारी आहे. गाडी रोजची आहे, शेतातही जाते. काय करू?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. तुमच्या कामाला हेडकाम (इंजिनाच्या हेडमधले हवेचे रस्ते, म्हणजे पोर्ट, मोठे करणं) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हा चुकीचा रस्ता आहे. टर्बोचा रस्ता तत्त्वाने बरोबर आहे, पण दीड लाखात तो अर्धवट होईल, आणि अर्धवट टर्बो आपल्याकडच्या मे महिन्यात इंजिन खातो. शिवाय तुमच्या गाडीचा बराचसा दम इंजिनात हरवलेलाच नाही. तो टायरमध्ये आणि हवेत हरवला आहे.

टायरचा हिशोब सोपा आहे. २०५/७० आर १५ ची उंची साधारण ६६८ मिलिमीटर भरते, २३५/७५ ची ७३३. चाक जवळजवळ दहा टक्के मोठं झालं. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांब होतो आणि रस्त्यावर पोचणारी ओढ नऊ टक्क्यांनी घटते. म्हणून तिसरा जड पडतो आणि दुसऱ्यात ओरडत जावं लागतं. पूर्वी जो तिसरा होता, तो आता तुमच्याकडे नाहीच.

आता हवा. इंजिन किती पेट्रोल जाळू शकतं ते ठरतं हवेच्या वजनावर. समुद्रसपाटीला २५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१८ किलो असतं. जळगाव-शहाद्याच्या पट्ट्यात, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, मेच्या दुपारी ४५ अंशांत तेच १.०८ किलोवर येतं. तोरणमाळला, साडेअकराशे मीटरवर, पारा ३० असला तरी १.०१. हवा थंड लागते म्हणून गाडीला बरं वाटत असेल असं आपल्याला वाटतं, पण उंचीमुळे ती विरळ झालेली असते. घाटमाथ्यावर तुमच्या ८० बीएचपीतले जेमतेम ६८-६९ उरतात. त्यात टायरचे नऊ टक्के वजा करा. शंभरातले अठ्ठ्याहत्तर राहिले. इंजिनाला अजून कोणी हातसुद्धा लावलेला नाही.

हे आधी एवढ्यासाठी सांगतो की "पॉवर कमी पडते" म्हणून येणारी दहांतली सहा-सात गिऱ्हाइकं इंजिन वाढवायला येतात आणि इंजिनाबाहेरच्या दुरुस्तीवर समाधानी होऊन जातात. "भाऊ, गाडी घाटमा चढस नही," हे वाक्य मी वीस-पंचवीस वर्षं ऐकतो आहे. पहिला प्रश्न मी टायरचा विचारतो, दुसरा क्लचचा, तिसरा एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला याचा.

तरी तुमचा मूळ प्रश्न खरा आहे, त्याकडे वळतो.

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनातून जास्त ताकद काढायची तर मार्ग मोजके आहेत: हवा आत-बाहेर जायचा रस्ता मोकळा करा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवा, नाहीतर इंजिन जास्त आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांवर, फिरवा. मोकळा हेडर (धूर बाहेर नेणारा पाइप), चांगलं इनटेक आणि नीट मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचा तक्ता बसवणं) यांतून पाच ते दहा टक्के मिळतात. कॉम्प्रेशन ९ वरून १० केलं तर तीनेक टक्के. खरी वाढ मिळते ती पोर्ट मोठे करून आणि जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम टाकून, पण ती सगळी वरच्या आरपीएमला.

आपल्याकडच्या कुणालाही हे आरएक्स १०० वरून चटकन समजेल. ती टू-स्ट्रोक, तुमचं इंजिन फोर-स्ट्रोक, आतली रचना वेगळी, पण स्वभाव तोच. पोर्ट घासून वर उचलले की गाडी शेवटच्या टप्प्यात पिसाटासारखी पळायची आणि चढावर, डबलसीट, खालच्या आरपीएमला मेल्यासारखी व्हायची. ताकद एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेलेली असायची. लांब ड्युरेशनचा कॅम तुमच्या जिप्सीत तेच करेल. या इंजिनाचा मूळ टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला. घाटात तिसऱ्यात तुम्ही असता अडीच-तीन हजारांवर. कॅम बदलला की वरचा आकडा वाढेल आणि तुम्ही जिथे अडता तिथला आणखी कमी होईल. धुळ्याच्या मिस्त्रींचं काम वाईट असेल असं मी म्हणत नाही. ते ज्या गाडीला शोभतं ती गाडी तुमची नाही. हलकी गाडी, सपाट रस्ता किंवा ट्रॅक, पाच-सहा हजारांवर फिरवण्याची हौस आणि ॲक्सिलरेटरला क्षणात मिळणारा जबाब हवा असेल, तर मी स्वतः साध्या इंजिनाच्याच बाजूने उभा राहीन. असं नीट बांधलेलं इंजिन चालवण्याचा आनंद टर्बोत नाही, आणि त्यात बिघडण्यासारखं फार नसतं.

टर्बोचं गणित उलटं आहे. तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून आत ढकलतो, तेही मधल्या आरपीएमपासून. फरक बघायचा तर एकाच शोरूममध्ये उभ्या असलेल्या मारुती फ्रॉन्क्सचे दोन प्रकार घ्या. १.२ लिटर साधं इंजिन ९० पीएस (बीएचपीसारखंच ताकदीचं माप) आणि ११३ न्यूटन-मीटर देतं, तो टॉर्क ४४०० आरपीएमला. १.० लिटर टर्बो १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन-मीटर देतं, ते २००० पासूनच. पॉवरमध्ये दहाचाच फरक, पण टॉर्कमध्ये तीस टक्क्यांचा, आणि तोही नेमका घाटात लागतो तिथे. उंचीवर हवा विरळ झाली तरी टर्बो बरंच भरून काढतो. मग सुरतवाल्याचं का ऐकू नये?

उष्णतेमुळे. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण टर्बो किट विकणारा तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतो.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते, तसंच. अर्धा बार बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला वाढीव दाब, धरा, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरा. जानेवारीतली २० अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडताना ७० च्या आसपास असते. मेमधली ४५ अंशांची हवा शंभरच्या वर जाते. ही गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की दोन तोटे. तापल्यामुळे ती पुन्हा विरळ होते: कागदावर ५० टक्के जास्त दाब असूनही हवेचं वजन २७ टक्केच वाढतं. आणि पेट्रोल वेळेआधी, आपल्या मनाने पेट घेतं. त्याला आपण ठोका म्हणतो, नॉकिंग. बरा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, लावला तर शंभराची हवा साठ-बासष्टवर येते आणि वजनातली वाढ ४२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून माझ्या लेखी इंटरकूलर ही जोडायची-सोडायची वस्तू नाही, तो टर्बोचाच अर्धा भाग आहे.

हे मी किंमत मोजून शिकलो आहे. २०११ च्या हिवाळ्यात एका १.३ लिटरच्या हॅचबॅकला मी टर्बो बसवला. गिऱ्हाइकाला इंटरकूलरचा खर्च नको होता आणि मी मान्य केलं. जानेवारीत शिरपूरहून सेंधव्याकडे चाचणी घेतली, बिजासन घाट गाडीने हसत चढून दाखवला. मेमध्ये तोच घाट, दुपारची अडीचची वेळ, आत पाच माणसं, एसी चालू. तीन नंबरच्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटली. प्लग काढला तेव्हा पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले होते. ते कण पिस्टनचे होते. मालकाला ठोका ऐकूच आला नव्हता, काचा बंद, गाणी चालू. इंजिन मी पदरच्या पैशाने बांधून दिलं, आणि तेव्हापासून इंटरकूलरशिवाय एकही पेट्रोल गाडी टर्बोसाठी हातात घेतली नाही.

इंटरकूलर बसला तरी उष्णता संपली असं नाही, ती पुढे सरकते. रेडिएटर किती उष्णता टाकतो ते पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर धरलं तर २५ अंशांच्या हवेत हा फरक ७० चा, ४५ अंशांच्या हवेत ५० चाच. त्याच रेडिएटरची कुवत इथेच तीस टक्क्यांच्या जवळ घटली. त्यात इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावला, की रेडिएटरला मिळणारी हवा आणखी गरम. आणि इंजिन जास्त पेट्रोल जाळतंय, म्हणजे जास्त उष्णता टाकतंय. घाटात गाडीचा वेग वीस-पंचवीस, समोरून वारा नाही. पुण्या-बेंगळुरूच्या हवेत चाललेलं किट इथे चालेल असं समजू नका. तिथल्या गाडीचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका.

"ट्रकला टर्बो असतो, ट्रॅक्टरला असतो, मग जिप्सीला का नाही?" हेही नेहमी विचारलं जातं. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा. इंधन शेवटच्या क्षणी फवारलं जातं, त्यामुळे वेळेआधी पेटायला आत काही नसतंच. पेट्रोलमध्ये हवेबरोबर इंधनही आधीपासून दाबलं जातं. डिझेलचा धूरही पेट्रोलच्या मानाने थंड, पेट्रोलचा पूर्ण भारावर नऊशे अंशांच्या पुढे जातो. डिझेलला टर्बो मानवतो. पेट्रोलला तो मानवेल अशी व्यवस्था आपल्याला करून द्यावी लागते.

त्यात नवी भर पेट्रोलची. आता पंपावर सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला आणि ते आतली हवा थंडही करतं, टर्बोला ते सोयीचंच. पण ई-१० ला दर किलो इंधनामागे हवा लागते साधारण १४.१ किलो, ई-२० ला १३.५. म्हणजे त्याच हवेत चार टक्के जास्त पेट्रोल टाकायला हवं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की जुना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, आणि मिश्रण पातळ राहतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. साध्या इंजिनात हे खपून जातं. बूस्टमध्ये पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन वितळणं. म्हणून टर्बो बसवणाऱ्याला विचारा: पेट्रोल फवारणारे नोजल मोठे टाकणार का, पेट्रोलचा पंप बदलणार का, मॅप कोणत्या पेट्रोलवर मारणार, आणि मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर लावून रस्त्यावर तपासणार का. या चारांतल्या एकाला जरी "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन परत या.

आता आपल्या मातीचं. शेतात जाणारी गाडी आहे तुमची. काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की तेल लावलेल्या उघड्या कोन फिल्टरमधून ती आत जाते. साध्या इंजिनात ती रिंगा खाते, टर्बोत आधी कॉम्प्रेसरची पाती झिजवते. छोटा टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो, त्या वेगाला धुळीचा कणही सॅंडपेपरच. कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर ठेवा, दिसायला साधा असला तरी. कापसाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट होते, जी शहरातल्या ट्यूनरला माहीत नसते: जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारा कापसाचा तंतू इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत गादी तयार झालेली असते. दिवाळीनंतर ते दोन्ही एकदा खोलून, मागच्या बाजूने कमी दाबाची हवा मारून साफ करावे लागतात.

टर्बोचं ऑइलही इंजिनाच्याच ऑइलमधून येतं. घाट चढून वर पोचल्यावर लगेच चावी काढली, की तापलेल्या शाफ्टवरचं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. एक-दोन मिनिटं चालू ठेवून मगच बंद करायची, ही सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावावी लागते. रोजच्या गाडीत तीन-चार हात फिरतात आणि हे कोणी पाळत नाही.

सुपरचार्जरबद्दल थोडक्यात: टर्बोसारखीच हवा दाबतो, पण बेल्टवर चालतो, खालपासून लगेच दम देतो, घाटासाठी कागदावर उत्तम. पण तो फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते, आणि जिप्सीसाठी त्याचं ब्रॅकेटपासून पुलीपर्यंत सगळं घडवून घ्यावं लागेल. उद्या बेअरिंग गेलं तर शहाद्यात काय, मुंबईतही ते सहज मिळणार नाही. सोडून द्या.

कायद्याची बाजू दोन्हींना लागू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. आणि दंडाहून मोठी गोष्ट विम्याची. घाटात काही झालं आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडून टर्बो पाहिला, तर दावा अडकू शकतो. चार माणसं घेऊन फिरणाऱ्या गाडीबद्दल मी हे हलकं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

मग दीड लाखाचं काय करायचं? माझ्या गॅरेजला गाडी आणली असती तर मी असं केलं असतं. सर्वांत आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते बघणं), इंजिन गरम असताना. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत नसतील, तर पुढची सगळी चर्चा थांबवून आधी हेड उघडायचं. तेरा-चौदा वर्षांच्या इंजिनात व्हॉल्व्ह बसत नसणं, टायमिंग बेल्ट एक दात पुढे-मागे असणं, कॅटॅलिटिक अर्धं बुजलेलं असणं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याशिवाय कुठल्याही अपग्रेडवर मी बोलतच नाही. नवे प्लग, साफ नोजल, पेट्रोलचं प्रेशर तपासणं, रेडिएटर खोलून रॉडिंग किंवा सरळ नवा. इथेच हरवलेले आठ-दहा घोडे परत येतात.

मग टायर. मूळ मापावर जायचं मन नसेल तर २१५/७५ बघा. उंची ७०३ मिलिमीटर, मूळ मापापेक्षा पाच टक्के मोठी. गाडी उंच दिसेल आणि ओढीतला निम्मा तोटा परत मिळेल. मोठेच टायर ठेवायचे असतील तर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) जास्त रेशोचा शोधा, पुढचा-मागचा दोन्ही एकाच रेशोचा, नाहीतर फोर-व्हील घातल्या घातल्या ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) तुटेल. आणि एक विनंती: दम कमी पडतो म्हणून कोरड्या डांबरी घाटात फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) टाकू नका. या गाडीत पुढची-मागची चाकं तेव्हा एकत्र बांधली जातात, वळणावर सगळा ताण गिअरवर येतो. फोर-लो चिखलासाठी आहे, नाल्यासाठी आहे.

एवढं झाल्यावर तोरणमाळला एकदा जाऊन या, त्याच चार माणसांना घेऊन. माझा अंदाज आहे की तिसरा पुन्हा सापडेल आणि पैशातले निम्म्याहून जास्त शिल्लक असतील.

त्यानंतरही टर्बोच हवा असेल, तर मी दोन गोष्टी सुचवेन. जिप्सी शेतासाठी ठेवा आणि शिलकीत भर घालून कंपनीतूनच टर्बो आलेली गाडी बघा. तिच्यात पिस्टन, ऑइलचा मार्ग, रेडिएटर, ईसीयू, सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं आणि ती ४५ अंशांत तपासलेली असते. नाहीतर जिप्सी रस्त्यावरून काढून फक्त खासगी जागेत ऑफ-रोडिंगसाठी ठेवणार असाल, तर नीट बजेट घेऊन बसू: बूस्ट ०.३५ ते ०.४ बार, त्याहून एक काटाही जास्त नाही, पुढे इंटरकूलर, जाड रेडिएटर, दुसरा पंखा, मोठे नोजल, स्वतंत्र ईसीयू, मजबूत क्लच, आणि मॅपिंग मेच्या दुपारी. डिसेंबरच्या सकाळी मारलेल्या मॅपवर मी सही करत नाही.

टेस्टचे चारही सिलिंडरचे आकडे, घाटात तापमानाचा काटा कुठपर्यंत जातो, आणि ई-२० वर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर बारीक खडे वाजल्यासारखा आवाज येतो का, एवढं लिहून कळवा. तो आवाज येत असेल तर घाटात तोवर तिसऱ्यात दाबून नेऊ नका, दुसऱ्यात ओरडू द्या. ओरडण्याने इंजिनाला काही होत नाही.